कुलूप एक, उत्तरं दहा कुठून आणू?

नाही, मला आधी सांगा, एकच गोष्ट दहा जणींनी सांगितली तर ती जास्त खरी का कमी? डोकं सणकलंय माझं! पुण्याहून दोन पोरी आल्या, आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या. म्हणे, "वत्सलाकाकू, आम्ही आकडे गोळा करत नाही, आम्ही माणसांचं ऐकतो. मनमोकळं बोला!" म्हटलं, वा! आजवर आले ते नुसते मोजून गेले, या तर ऐकायला आल्या! आमच्याच ओसरीत सतरंजी टाकली, बायका जमवल्या, आमच्या ह्यांना केळीच्या शेतात पिटाळलं, नाहीतर बाळंतपणावरही तेच बोलले असते!

आणि बोलायचं कशावर, तर गावातल्या आरोग्य उपकेंद्रावर. तुम्हाला सांगते, दोन वर्षांपूर्वी माझी सून भाविका त्याच्या दारात कळांनी वाकलेली, आणि दाराला हे एवढं कुलूप! पोर शेवटी शहाद्याच्या रस्त्यावर जीपमध्ये झालं, निळंजांभळं... वाचलं, देवाची कृपा. आता परत आठवा सरलाय तिला. डोळ्याला डोळा लागत नाही हो माझ्या! एवढंच सांगायचं होतं.

पण घर माझं, म्हणजे चहा माझ्याकडे! "काकू, तुम्ही शेवटी." बरं बाई, शेवटी. पहिली म्हणते, "दवाखानाले कुलूप शे, माय!" दुसरी, "कुलूप शे!" तिसरी पदराआडून, "कुलूपच शे!" आणि पुण्याची एक पोरगी मान हलवत, गोड आवाजात, "मग कुलूप बघून तुम्हाला कसं वाटलं?" कसं वाटलं! कळा येत असताना कुलूप बघून कसं वाटतं, तूच सांग ना! तरी चहा गाळत राहिले. मनमोकळं बोला म्हणे!

आली माझी पाळी. पदर सावरला, घसा खाकरला... आणि त्या पोरीनं मोबाइलवरचं रेकॉर्डिंगच बंद केलं! "काकू, सॅच्युरेशन झालं." म्हटलं, म्हणजे? "म्हणजे तेच तेच यायला लागलं, नवीन काही मिळेना, की थांबायचं. पद्धतच आहे तशी." अगं, कुलूप एक, तर उत्तरं दहा कुठून आणू? म्हटलं, माझी सून... "हो काकू, जीपमधलं बाळंतपण ना? ते आधीच्या बायकांकडून आलंय आमच्याकडे." आलंय! चहा पिऊन, पाया पडून गेल्या. पोरी गुणाच्या हो, त्यांच्यावर राग नाही... आहे, राग आहे!

आता भाविकाला सांगून ठेवलंय, बाई गं, या वेळी जीप नको, ते त्यांच्याकडे आलंय. ह्यांनी केळीची ट्रॉली धुऊन, वर गादी टाकून ठेवलीये. ट्रॉलीतलं अजून कोणी सांगितलेलं नाही. तेवढं तरी मनमोकळं बोलता येईल!