रोज दोन अंडी

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासू आणि सून बसल्या होत्या. सासूबाईंच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली कोंबडी होती.

“डॉक्टरांना काय सांगायचं, आई?”

“कमी खाते, कोपऱ्यात बसते, पिसं गळतात. पण अंडी मात्र रोज दोन देते. गुणाची आहे गं.”

“कुठलीच कोंबडी रोज दोन अंडी देत नाही.”

“आपली देते. मी स्वतः खुराड्यात बघते ना.”

“त्यातलं एक मी ठेवते, दुकानातून आणून.”

“काय?”

“तुम्हीच म्हणाला होतात, अंडी बंद झाली की हिला पातेल्यात घालते.”

“अगं, तोंडाने म्हटलं म्हणून काय लगेच सुरी घेणार होते? माझं बोलणं तू कधीपासून एवढं मनावर घ्यायला लागलीस?”

“आणि दुसरं अंडं?”

“दुसरं कुठलं?”

“आई...”

“अंगण घाण होतं म्हणून तुझी रोज कटकट. म्हटलं, फुकटचं खाते म्हणून तू हिला हाकलून लावशील. मग मीही एक ठेवायला लागले.”

“म्हणजे इतके दिवस आपण दोघी...”

“हळू बोल. हिला ऐकू जाईल.”

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी तिथेच टॉवेल उघडला.

“आजारबिजार काही नाही. जुनी पिसं झडून नवी येतायत. या दिवसांत अंडी बंदच असतात. बंद झाली असतील ना?”

“छे हो, कालपर्यंत रोज दोन होती,” सासूबाई सवयीने बोलून गेल्या.

“हिची?”

“नाही, आमची,” सून म्हणाली.