गाडीतला मफलर

जरा हळू बोला, मिस्त्री — ती तिकडे बाकावर बसलीय ना, आमची ही, तिला इतक्यात ऐकू जायला नको. एसीतला गॅस कमी होता म्हणता? कधीपासून? नको, सांगू नका, मला ठाऊक आहे. म्हणजे — अंदाज होता. गाडी पळत असली की जरा गार यायचं, सिग्नलला थांबली की नुसतं कोमट. ही म्हणायची, एसी बिघडलाय. मी म्हणायचो, एसी ठणठणीत आहे, तुलाच उकडतंय, वय झालं तुझं. काय करणार, जुनी गाडी मीच पारखून घेतलेली, हिचं न ऐकता — आता कोणत्या तोंडानं कबूल करू? एकदा तर गळ्याला मफलर गुंडाळून गाडी चालवली. हसू नका. थंडी वाजतेय म्हणालो, आणि आत बनियन घामानं चिकटलेला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी — डॉक्टरकडे नेलं हो तिला. हिला फार गरम होतं म्हणून. रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. मुकाट्यानं घेते बिचारी, आणि पाण्याचा पेला मीच पुढे करतो. लाज वाटते हो, मिस्त्री, तो पेला हातात धरायची.

म्हणून म्हणतो, एवढंच करा — तिला सांगा, आजच बिघडला. कालपर्यंत झकास होता. तेवढं माझं — काय? गॅस नसताना चालवत राहिलो म्हणून कॉम्प्रेसर जाम झाला? गॅसबरोबरच तेल फिरतं आत? असेल. तरी ही आठवडाभर मागे लागली होती, एसी राहू द्या, काचा उघडा, वारा बरा वाटतो. मला वाटलं, टोमणा मारतेय. मग काय, मुद्दाम काचा लावल्या आणि फुल्ल सोडला — पार जळका वास येईपर्यंत.

हो? इथे? ही आली होती, गेल्या आठवड्यात, गाडी घेऊन? आणि तुम्ही तिला सगळं सांगितलंत — गॅस गळतोय, एसी लावू नका म्हणून? मग तेव्हाच दुरुस्त का नाही करून घेतला? काय म्हणाली?

'ते आपणहून आणतील, तोवर राहू द्या.'

असं म्हणाली. आणि त्यानंतरही गोळी घेत राहिली, रोज, माझ्या हातून पाणी घेऊन.

नाही, आता तिला काही सांगू नका. तुम्ही तुमचं काम करा. मी जातो तिकडे — बाकावर जागा आहे अजून.