टिकलीनं पारखलेला कोंबडा

मंडळी, एक सांगा. देवानं नटायची हौस जास्त कुणाला दिली, बाईला की बाप्याला? हां, लगेच बायकांच्या बाजूला बघू नका! मोराला पिसारा, लांडोरीला काय? कोंबड्याला तुरा, कोंबडीला जेमतेम! पाखरांत नटतो नर आणि पारखते मादी. आता प्रश्न असा, की ती पारखते काय? नुसतं रूप? ऐका!

एक होती हौसाक्का. गोष्ट कोंबड्यांची आहे, माळकऱ्यांनी नाकं मुरडू नयेत. आपल्याला कोंबडी खायची नाही, तिच्याकडून शिकायचंय! लग्नात आईनं हौसाक्काला एक कोंबडी दिली होती. तिचाच वंश तीस वर्षं परसात नांदला. पण गेल्या साली मानमोडीचा रोग आला आणि खुराडं रिकामं झालं. उरली एकटी टिकली नावाची कोंबडी. माहेरची तेवढीच खूण! तिची पिल्लं धडधाकट निपजली तर वंश राहणार, नाहीतर संपला.

नवरा दाजीबा बाजारातनं कोंबडा घेऊन आला. काय शेपूट! काय तुरा — लालभडक! "बघ, राजा आणलाय राजा!" टिकलीनं मान तिरकी केली, दोन पावलं पुढं आली. हौसाक्काला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी राजेसाहेब धुळीत लोळले. उठले ते तुरा पांढराफटक! अहो, विकणाऱ्यानं तेलात रंग कालवून चोपडला होता! पहिल्या रांगेतले काका, मिशीवरचा हात काढा, कलपाबद्दल मी बोलतच नाहीये. टिकलीनं एकदा बघितलं आणि फिरवली की पाठ!

का फिरवली? पाखराच्या अंगात दुखणं शिरलं, की सगळं बळ त्या दुखण्याशी भांडण्यातच जातं. तुऱ्याला लाली कुठून येणार? रोगाला परतवून वर ज्याचं बळ शिल्लक राहतं, त्याचाच तुरा रसरशीत! आणि तेच बळ पुढं पिल्लांत उतरतं. कोंबडी काही शाळेत गेलेली नाही, पण एवढं तिला कळतं.

मग टिकली गेली कुठं? कुंपणापाशी! पलीकडं शेजारच्या द्वारकाबाईचा कोंबडा. शेपूट अर्धी तुटलेली, चालणं फेंगडं — पण तुरा पिकल्या मिरचीसारखा! आता आली का पंचाईत? मोरीच्या पाण्यावरनं हौसाक्का आणि द्वारकाबाई दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. "मेले तरी तिच्या दारात न्हाई जायची!" मग हौसाक्कानं काय केलं? मलाच सांगायची लाज वाटते! स्वतःचा कुंकवाचा करंडा आणला, बोटावर तेल घेतलं आणि बाजारच्या त्या कोंबड्याला धरून लागली तुरा रंगवायला!

आणि बोट थांबलं. तुरा गार होता, लुळा होता. गेल्या साली मरणाऱ्या कोंबड्यांचे तुरे तिनं असेच हाताळले होते. "अगं हौसे," स्वतःलाच म्हणाली, "बाजारवाल्यानं तुला फशिवलं. तू कुणाला फशिवतीस? आईच्या वंशाला?"

तिनं पदरानं तुरा पुसला, कोंबड्याला गुरांच्या डॉक्टरकडं धाडलं, टिकलीला काखेत घेतलं आणि गेली शेजारच्या दारात.

"द्वारके, तुझा कोंबडा पायजे."

"दोन वर्सांनी तोंड उघडलंस, ते कोंबड्यासाठी?"

"व्हय. आनि चूक माझीच हुती. पाणी माझ्याच मोरीचं येत हुतं."

द्वारकाबाईनं डोळे पुसले. "ये आत. च्या टाकते. कोंबड्याचं काय घिऊन बसलीस, त्यो कवाचा कुंपणाशी हुबा हाय!"

पुढं टिकली खुडूक बसली, अकरा पिल्लं निघाली. वाडीत पुन्हा साथ आली तेव्हा दोन गेली, नऊ तगली. वंश राहिला!

हसलात? हसा! पण आता तुमच्याकडं वळतो. बाजारवाला रंग लावतो एकदाच, आपण लावतो रोज! आतलं दुखणं — राग, हेवा, अबोला — तसंच ठेवायचं आणि वरनं टिळा चोपडायचा ठसठशीत! लोकही म्हणतात, वा, काय तेज! अहो, टिकलीला एका दिवसात कळलं. तुमच्या घरच्यांना कधीचं कळलंय, ते विचारा की आज! भिऊ नका. मीही विचारलं मागच्या एकादशीला. म्हटलं, "माझ्यात वरनं लावलेलं काय काय आहे गं?"

बायको म्हणाली, "कीर्तन उरकून या. सवडीनं सांगावं लागंल."

तेव्हा मला घरी जायची घाई नाही, मंडळी! उचला टाळ, घ्या विठ्ठलाचं नाव!