बाजेखालचा पाइप

मी मूळचा धुळ्याकडचा. सुरतेला आलो तो उधन्याला लूमवर, पण कानाला तो खडखडाट सोसेना म्हणून पाइप जोडायला शिकलो, आणि मग डिंडोलीत स्वतःचं गरम पाण्याचं न्हाणीघर काढलं, पाळी सुटली की लूमवरची माणसं येतात, बादली घेतात, अंघोळ करून जातात. बायको लवकर गेली. प्लेगच्या वर्षी अख्खी गल्ली गावी पळाली, मी नाही पळालो, कोणाकडे पळणार.

पुढच्या थंडीत माझ्या एकुलत्या लेकीचं, सुनंदाचं, पहिलं बाळंतपण आलं. पहिलं माहेरीच असतं. विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या घरात बाई नाही, शेक-शेगडी कोण करणार. काय सांगू तुम्हाला, ते लागलं मला. म्हटलं शेगडीचा धूर हवाच कशाला, खालच्या न्हाणीघराच्या बंबातून पाइप काढतो, वरच्या खोलीत बाजेखालून फिरवतो. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार झालं की उतरतं, पंप लागत नाही. फक्त हवा अडकू द्यायची नाही, अडकली की पाणी थांबतं, म्हणून सगळ्यात उंच जागी हवा सोडायची तोटी.

विहीणबाई सुनंदाला घेऊन आल्या, बाजेवर बसल्या, म्हणाल्या, ऊब छान आहे हो, पण हे पाणी पुढे जातं कुठे? मी फुशारकीने सांगितलं, परत बंबात, तिथून गिऱ्हाइकाच्या बादलीत. म्हणाल्या, म्हणजे बाळंतिणीच्या सोयरातलं पाणी परक्यांच्या अंगावर? शिव्याशाप माझ्या नातवाला? मी म्हटलं, अहो, पाणी पाइपात आहे, बाजेला शिवतसुद्धा नाही. तर म्हणाल्या, शिवत नाही तर ऊब कशी येते?

मी भडकलो, म्हटलं, पटत नसेल तर न्या तुमच्या सुनेला. नेलं. सुनंदाने जाताना पाइपावर हात ठेवला. माझा राग दिसला त्यांना, पाइप नाही दिसला.

मग इरेला पेटून भंगारबाजारात तांब्याचा पाइप घासाघीस करून घेतला, दुकानदार म्हणाला, काका, तमे भाव करो छो के झघडो? म्हटलं दोन्ही, भावही आणि भांडणही. त्याचं वेटोळं बंबाच्या पोटात बसवलं, खोलीचं पाणी वेगळं, अंघोळीचं वेगळं, एकाची दुसऱ्याला नुसती ऊब. पाणी तापलं की फुगतं, म्हणून माळ्यावर त्याला डबाही दिला. निरोप धाडला, आता थेंबाला थेंब लागत नाही. उलट निरोप आला, मुलगा झाला.

नातू पहिल्यांदा आला तेव्हा चालत होता, आणि मे महिना होता. पंखा लावा म्हणून पंख्याकडे बोट दाखवून रडला.

आता सुनंदाला पुन्हा दिवस गेलेत, पण दुसरं सासरीच व्हायचं. भंगारवाला तांब्याचा भाव सांगत येतो, त्याच्याशी मी घासाघीससुद्धा करत नाही, नुसतं नाही म्हणतो. थंडी पडली की वर जाऊन तोटी सोडतो, हवा निघून जाते, पाइप तापतो. मी खालीच झोपतो. लेक जिथे असेल तिथे तिची बाज गरम राहो.