वीतभर खाली थांबलेली सळई

मंडळी, आणि समोर बसलेल्या वहिनी,

गव्हासाठी रान तयार करायचे दिवस, तरी देवळाचा हा मंडप भरला आहे. मी पेपरात लिहितो म्हणून मला बोलायला उभं केलं. बातमी कितीही वाईट असो, आजवर मी ती वेळेत लिहून दिली. आज चार ओळी जुळत नाहीत. दुःख आहेच. पण खरं सांगतो, मला भीती वाटते आहे. कशाची, तेवढं सांगतो आणि बसतो.

वासुदेवभाऊंना जाऊन आज तेरा दिवस झाले. त्यांचं आणि माझं वावर एकाच धुऱ्याला, एकाच बांधाला लागून. त्यांचा वखर बैलांचा, माझा रोटाव्हेटर भाड्याच्या ट्रॅक्टरचा. ते वाफशाची वाट पाहायचे, मी तारीख पाहायचो. मूठभर माती दाबून तिचा लाडू करायचे आणि खाली टाकायचे. फुटला तर वखर जुंपायचे. नाही फुटला तर घरी येऊन चहा मागायचे. वहिनी, खरं की नाही? आणि त्या चहावर तुमची बोलणीही खायचे.

मी हसायचो. माझं रान दोन तासांत पिठासारखं बारीक व्हायचं. ओलं असलं तरी व्हायचं.

मागच्या हिवाळ्यात मी गव्हाला पाणी दिलं. भाऊंचं पाणी दुसऱ्या दिवशी मुरलं. माझं चार दिवस वर उभं राहिलं आणि गहू पिवळा पडला. मी युरिया टाकायला निघालो, तर भाऊ सळई घेऊन आले. ही पाहा, हीच. वर मुठीसाठी सायकलच्या हँडलचा तुकडा जोडलेला आहे.

आधी धुऱ्यावर नेलं, जिथं कधी चाक गेलं नाही. सळई दाबली. कमरेइतकी आत गेली, लोण्यात गेल्यासारखी. मग माझ्या वावरात दाबली. वीतभर गेली आणि थांबली.

मी विचारलं, "काहून थांबले भाऊ?"

"मी नाही थांबलो लेका. तुही जमीन थांबली."

चार ठिकाणी दाबली. चारही ठिकाणी वीतभर. मग त्यांनी फावडं मागितलं आणि गुडघाभर खड्डा केला. वरची माती भुसभुशीत. तिच्याखाली चार बोटं जाडीचा थर, फावड्याचा आवाज यावा इतका कडक. गव्हाची मुळं तिथपर्यंत सरळ आली होती आणि तिथून आडवी वळली होती. दार बंद दिसल्यावर माणूस भिंतीला धरून चालतो, तशी.

"दरसाली तू त्याच खोलीवर ओल्यात पातं फिरवतं," भाऊ म्हणाले. "वरून रवा, खालून फरशी. पाणी जाईन कुठून?"

"हे सगळ्या वावरात असंन का?"

"पाह्यतं का? आणखी दोन खड्डे करू."

मी घड्याळ पाहिलं. म्हणालो, बातमी पाठवायची आहे.

ते हसले. "तुह्या पेपरची येळ ठरलेली हाय बावा. जमिनीची नाही. उन्हाळ्यात ये. रान पुरं सुकलं का खोल फाळ लावून हा थर फोडू. ओल्यात हात लावशीन तर आणखी दाबून बसंन. मी येतो संगं."

ते गेल्यावर मी काय केलं, माहीत आहे? खड्डा बुजवला. पायानं माती लोटली, वर चालून सपाट केली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहू नये म्हणून. मंडळी, हे आज पहिल्यांदा बोलतो आहे.

उन्हाळा आला. भाऊ तीनदा म्हणाले, मी तीनदा पुढे ढकललं. मग ते खाटेला लागले. यंदाही मी सोयाबीनसाठी ओल्यातच रोटाव्हेटर घातला. कापणीला हार्वेस्टर आला तेव्हा चाकं रुतत होती. मी धुऱ्यावर उभा राहून पाहत होतो. थांबवलं नाही.

आता तो थर किती जाड झाला असेल? चार बोटं? वीत? मला माहीत नाही. परवाच्या पावसानंतर मी चांदूर बाजारहून येत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरात पाणी उभं होतं, तळ्यासारखं. एक, दोन, पाच वावरं. मोजणं सोडून दिलं. ही तुमचीही वावरं आहेत. आपण वर चालतो आहोत, पेरतो आहोत, आणि खाली काय झालं आहे ते ज्याला सळईच्या टोकानं कळायचं तो माणूस गेला. विचारायचं कोणाला?

गजूभाऊ, तुम्ही समोरच बसलात. उद्या सकाळी ट्रॅक्टर आणा असं मीच सांगितलं होतं. आज सकाळी मी मूठभर माती दाबून खाली टाकली. लाडू फुटला नाही. उद्या येऊ नका.

काय म्हणता? पेरा मागं पडंन? पडू द्या. मले पेऱ्याचं भेव नाही आता.

ही सळई काल वहिनींनी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुमच्याच वावराची काळजी करत होते. तुमीच ठेवा." रात्रभर ती दाराशी उभी होती. सकाळी वावरात घेऊन गेलो आणि तशीच परत आणली. दाबायला हात धजला नाही.

म्हणून विनंती करतो. आता दोन मिनिटं उभे राहू, कोणी काही बोलू नका. नंतर घरी जाऊ नका. माझं वावर हाकेवर आहे, तिथं चला. सळई मी दाबतो. ती कुठं थांबते ते सगळ्यांनी पाहा. मग तिथंच खोदू.

वासुदेवभाऊ, नमस्कार घ्या. या खेपेला मी खड्डा बुजवणार नाही.

उभे राहू या.