पोळ्याच्या दिवशी कारवां कोणी ओढला

पोलीस ठाणे पालम. दिनांक १६/९/१९८५, सोमवार, दुपारी १२ वाजून ४० मिनिटे.

नाव भुजंग मुंजाजी रेंगे, वय ३१ वर्षे, धंदा स्वतःच्या टेम्पोने मालवाहतूक, राहणार मौजे बोरवाडी, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायाने ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी कमलबाई व दोन मुलींसह राहतो. माझा टेम्पो नवा असून त्यास साडेतीन महिने झाले आहेत. त्यास कंपनीची सहा महिन्यांची वॉरंटी आहे. वॉरंटीचे पुस्तक इंग्रजीत आहे. परंतु गाडी ताब्यात देताना शोरूमच्या माणसाने मला मराठीत सांगितले होते की, हिच्यात माल भरा, पण हिला मागे काही बांधून ओढू नका, ओढले तर वॉरंटी संपली. त्या वेळी माझ्या तोंडात पेढा होता. मी मान हलवली. तेव्हा मला माहीत नव्हते असे मला म्हणता येणार नाही.

फोटोवाले दत्तराव यांना मी पाच वर्षांपासून ओळखतो. त्यांची पत्र्याची खोली चार चाकांवर आहे. तीत ते राहतात, झोपतात व फोटोही तीतच धुतात. बाहेरून तिच्यावर 'कारवां' असे रंगवलेले आहे. ती खोली एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला आमच्या गावचे सटवाजी कच्छवे, वय अंदाजे ६५, यांची बैलजोडी लागते. हे सगळ्या भागाला माहीत आहे.

दिनांक १४/९/१९८५ रोजी शनिवारी पोळा होता. पोळ्याला पालमच्या वेशीत सजवलेल्या बैलांबरोबर फोटो काढून घ्यायला खेड्यापाड्यांतून माणूस येतो. दत्तरावांचा वर्षातला हा मोठा दिवस. परंतु पावसाने वाट चिखलाची झाल्यामुळे ते तीन दिवस बोरवाडीतच अडकले होते. सकाळी दहाच्या सुमारास ते सटवाजींकडे गेले. मी तिथे हजर होतो. सटवाजी म्हणाले, "आज बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाईत, दत्तराव. उंद्या म्हणाल तितं नेतो." दत्तराव म्हणाले, "उंद्या कोन फोटो काडायलाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भुजंगा, टेम्पोला कुटं पोळा असतो?"

त्या दिवशी कमलबाईने टेम्पोला झेंडूची माळ घातली होती व पुढच्या काचेवर बेगड चिकटवली होती. सटवाजी मला म्हणाले, "नवा हाय, त्याला बी आजच्या दिस ऱ्हाऊ दे." मी ऐकले नाही. दत्तराव अडले होते हे खरे आहे. माझ्या नव्या टेम्पोची ताकद गावाला दिसावी असे मला वाटत होते, हेही खरे आहे.

दुपारी दीडच्या सुमारास मी कारवांची दांडी विहिरीच्या मोटेच्या जाड दोराने, म्हणजे नाड्याने, टेम्पोच्या मागच्या बाजूला बांधली. दत्तराव माझ्या शेजारी बसले. खोलीत कोणी नव्हते. गाव बैल सजवण्यात गुंतले होते, त्यामुळे निघताना आम्हाला कोणी पाहिले नाही. गावाबाहेर पालमच्या वाटेला चढ आहे. चढाच्या पायथ्याला गावातले शेवटचे घर भागुबाई यांचे आहे. अर्ध्या चढावर टेम्पोचा गिअर पडेना व जळका वास येऊ लागला. मी ब्रेक लावून चाकाखाली दगड घालण्यासाठी उतरलो. दगड माझ्या हातात असतानाच नाडा तुटला. कारवां मागे गेला व भागुबाईंच्या ओट्याला धडकला. ओट्यावर भागुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले असून त्या परभणीस सरकारी दवाखान्यात आहेत. त्या शुद्धीवर आहेत, पण त्यांचा जबाब अजून झालेला नाही, असे समजते. मी त्यांना अजून भेटलेलो नाही.

लोक यायच्या आत मी दांडीला उरलेला नाडा सोडला. दत्तरावांना म्हणालो, "माजं नाव घेऊ नका, वॉरंटी जाईल." ओझे सुटल्यावर पहिला गिअर कसाबसा पडला आणि मी टेम्पो चढावरून पलीकडे बाभळीत नेऊन उभा केला. आधी भागुबाईकडे धावलो नाही. परत आलो तेव्हा लोकांनी त्यांना बाजेवर घातले होते. कोणीतरी दत्तरावांना विचारले, "बैल कुटं हायेत?" दत्तरावांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पळाले." कोणाचे बैल, हे विचारण्याची कोणाला गरज पडली नाही. फिर्यादीत सटवाजींचे नाव त्यावरून आले.

त्याच दिवशी पाचच्या सुमारास गावच्या वेशीत तोरणाखाली बैल जमले. सटवाजींची जोडी पाठीवर झूल, शिंगांच्या टोकांना शेंब्या, कपाळाला बाशिंगे अशी सजून आली होती. जाणत्या माणसांनी त्यांना अडवले. "पोळ्याला जू ठिवलेला बैल तोरणाखालून जायचा न्हाई," असे ते म्हणाले. सटवाजींनी माझ्याकडे पाहिले. मी चार हातांवर उभा होतो. मी काही बोललो नाही. त्यांनी जोडी माघारी फिरवली. पोरे मागून हुर्यो करीत होती, त्यांनाही मी दटावले नाही.

दिवस मावळायच्या आत मी त्यांच्या गोठ्यात गेलो. ते झूल उतरवत होते. मी त्यांना सांगितले की, सोमवारी कंपनीचा मेकॅनिक ठरलेल्या तपासणीला येणार आहे, गिअरबॉक्स बदलून मिळाला तर टेम्पो चालेल, नाहीतर माझे चाक जागेवर बसले. ते म्हणाले, "तुजी गाडी नीट होऊस्तर मी गप बसतो. बैलाला काय कळायलाय मान न् अपमान." मग झुलीची घडी घालता घालता म्हणाले, "कळतंय म्हना." माझे वडील मुंजाजी वारले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या साली आमचे शेत सटवाजींनी याच बैलांच्या आधीच्या जोडीने पेरून दिले होते. ते त्यांनी आजवर एकदाही बोलून दाखवलेले नाही. परवाही दाखवले नाही.

काल रविवारी पोलिसांनी सटवाजींना ठाण्यात बोलावून बसवून ठेवले. तेव्हापासून ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

आज सकाळी साडेदहाला मेकॅनिक आमच्या घरी आला. शनिवारी रात्री मी टेम्पो कसाबसा घरी आणला होता, त्याखाली जाऊन त्याने पाहिले. बाहेर येऊन हात पुसत विचारले, "मागं काय ओडलंत का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग इतं सही करा." त्या कागदावर, गाडीने काहीही ओढलेले नाही, असे छापलेले होते. कमलबाई चहा घेऊन आली होती. ती मला म्हणाली, "सटवाजी मामाला घरून डबा गेला का न्हाई, कुनी इचारलं का?" मी पेन खाली ठेवले, चप्पल घातली आणि सायकलने इकडे निघालो. मेकॅनिक अजून आमच्या ओट्यावर बसलेला असेल. त्याला मी काही सांगितले नाही, कारण सांगत बसलो असतो तर माझा धीर सुटला असता.

तरी कारवां माझ्याच टेम्पोने ओढला होता. नाडा मी बांधला होता. सटवाजी किंवा त्यांचे बैल चढावर नव्हते. या जबाबामुळे वॉरंटी रद्द होईल याची मला कल्पना आहे. मला भीती वाटते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सटवाजी बाहेर बाकड्यावर बसले आहेत, त्यांना घरी जाऊ द्यावे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी सटवाजींनी बैलांची खांदेमळणी केली होती. खांद्यांना लावलेली हळद आणि लोणी पोळ्याच्या संध्याकाळी, तोरणापुढून माघारी फिरताना, जशीच्या तशी होती. जू ठेवले असते तर ती पुसली गेली असती. झुलीच्या कडेतून ती मला दिसत होती. अडवणाऱ्यांनी झूल वर करून पाहिले नाही आणि मी पाहा म्हणालो नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखविण्यात आला. पहिल्या वाचनात हळदीचा मजकूर आलेला नव्हता, लिहून घेणाऱ्या जमादारसाहेबांना त्याची गरज वाटली नव्हती. माझ्या सांगण्यावरून तो घातला व पुन्हा वाचून दाखविला. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करतो.

सही — भुजंग मुंजाजी रेंगे