टाटा करायला कुणीतरी

तलावपाळीवर बोटीच्या रांगेत रतनच्या पुढे दोघी उभ्या होत्या. केस पिकलेली शकू आणि एका संस्थेतर्फे तिला दर रविवारी फिरायला आणणारी कृतिका. संध्याकाळचं ऊन पाण्यावर पेंगत होतं.

“शकूताई, दोघी बसू या.”

“नको. मी एकटी.”

“अगं, हात सोडणार नाही म्हणून तुझ्या दादाला शब्द दिलाय मी.”

“बोटवाले काका आहेत ना. आणि जॅकेटचं बक्कल बघ, मीच लावलं.”

“लावलंस गं. पण घाबरलीस तर?”

“काकांना सांगेन, परत चला. बोलता येतं मला.”

“मग मी काय करू?”

“तू काठावर थांब. दर वेळी मी थांबते. बोटीतली माणसं जातात, मी टाटा करते. ती पण करतात. मग हळूहळू लांब जातात, छोटी छोटी होतात. आज मी छोटी होणार.”

“आणि मी?”

“तू टाटा कर. कुणीतरी लागतं ना काठावर.”

कृतिकाने तिचा हात सोडला.

बोट सरकत सरकत उन्हात गेली. कृतिका काठावरून हात हलवत राहिली. रतननेही हातातली पिशवी खाली ठेवली आणि हात वर केला.